पोकलेन रानात बंद पडलं की: फिरत्या मेकॅनिकचं नियोजन, पहिल्या फोनपासून ट्रायलपर्यंत

साइटवर मशीन उभं राहिलं की सगळ्यांचा एकच प्रश्न असतो, मेकॅनिक कधी पोचतोय? पण दिवस खाते ती दुसरी फेरी. मेकॅनिक येतो, कव्हर उघडतो, "हा एक इंची पाइप आहे, मी पाऊण इंची आणलाय" म्हणतो, आणि व्हॅन पुन्हा तालुक्याच्या रस्त्याला लागते. समजा पोकलेनचं भाडं तासाला १५०० रुपये आहे आणि दुकान ९० किलोमीटरवर. जाऊन-येऊन पाच तास धरले तर ७५०० रुपये तिथेच गेले. त्या पोकलेनवर भरायला लागलेले पाच हायवा (डंपर) उभे, त्यांचे ड्रायव्हर झाडाखाली. आणि पाइप बदलायचं काम असतं पाऊण तासाचं.

म्हणून मशिनरीचं काम नव्याने हाती घेणाऱ्याने एक गोष्ट पक्की धरावी: व्हॅन निघण्याआधी मशीनची नीट चौकशी झाली पाहिजे. ती चौकशी कशी करायची, त्यावरून कोणाला आणि काय घेऊन पाठवायचं, हे पुढे दिलं आहे. उदाहरणं २० टनी पोकलेन आणि जेसीबी बॅकहोची आहेत, कारण रस्ता, कालवा आणि खाणीच्या कामावर हीच दोन मशिनं सर्वांत जास्त दिसतात.

मशीन चालू असतानाच करून ठेवायची तयारी

प्रत्येक मशीनचं एक कार्ड मोबाइलमध्ये ठेवा. त्यात मॉडेल, सिरियल नंबर, इंजिन नंबर, खरेदीचं साल, वॉरंटी आहे की संपली आणि शेवटची सर्व्हिस किती तासांवर झाली, एवढं हवं. नंबर वहीतून उतरवू नका, मशीनवरच्या पाटीचा फोटो घ्या. एकाच मॉडेलमध्ये कंपनी मधेच पंप किंवा व्हॉल्व्ह बदलते, आणि पार्टवाला "कुठल्या सिरियलनंतरचं?" असं विचारतो तेव्हा अंदाज चालत नाही.

त्याच कार्डावर व्होल्टेजही लिहा. २० टनी पोकलेनला दोन बॅटऱ्या एकामागे एक जोडून २४ व्होल्ट असतात, जेसीबी बॅकहो १२ व्होल्टवर चालतं. शेजारी उभ्या जेसीबीवरून केबल ओढून पोकलेनला सेल्फ मारायचा प्रयत्न नेहमी होतो. त्यातून पोकलेन सुरू होत नाही आणि जेसीबीची वायरिंग जळण्याचा धोका असतो. उलट बाजूने जोडलं, म्हणजे २४ व्होल्ट जेसीबीला दिले, तर नुकसान आणखी मोठं.

पहिला फोन

फोन शक्यतो ऑपरेटरलाच करा. सुपरवायझर "हायड्रॉलिक गेलंय" एवढंच सांगतो. मशीनचा आवाज कधी बदलला, आधी काय मंद झालं, धूर कसा होता, हे सीटवर बसलेल्या माणसाला माहीत असतं. त्याला दोष लागेल अशी भीती वाटली तर तो अर्धी गोष्ट गिळतो, म्हणून सुरुवात सरळ करावी: "दादा, कोणाची चूक ते राहू दे. बंद पडायच्या आधी काय काय झालं, तेवढं सांग."

आधी माणसं सुखरूप आहेत का ते विचारा. कोणाला लागलं असेल तर १०८ ला फोन आधी, मशीन नंतर. मशीन चालत्या रस्त्यावर आडवं असेल तर मागे-पुढे कोन आणि झेंडेवाला उभा करायला सांगा. राष्ट्रीय महामार्ग असेल तर १०३३ वर कळवा. मग पुढचे प्रश्न.

सेल्फ फिरतो का? फक्त "टक" आवाज येतो आणि दिवे मंद होतात, तर बॅटरी किंवा तिचे टर्मिनल पाहायचे. हिरवी-पांढरी बुरशी चढलेलं टर्मिनल साफ करून घट्ट केलं की बरीच मशिनं व्हॅन न पाठवता सुरू होतात. अजिबात आवाज नाही, तर आधी सेफ्टी लिव्हर, इमर्जन्सी स्टॉप आणि मेन फ्यूज. बऱ्याच पोकलेनमध्ये सेफ्टी लिव्हर लॉकमध्ये नसला की सेल्फ लागतच नाही.

सेल्फ फिरतो पण इंजिन उचलत नाही, तर सायलेन्सरकडे बघायला सांगा. पांढरा धूर येत असेल तर डिझेल आत पोचतंय. धूरच नाही, तर डिझेल अडलंय: टाकी, वॉटर सेपरेटर, फिल्टर, नाहीतर लाइनमध्ये हवा. काटा बघून "डिझेल आहे" असं उत्तर येतं, त्यावर थांबू नका, टाकीत काठी घालून बघायला सांगा. मशीन उतारावर तिरकं उभं असेल तर थोडं डिझेल असूनही ते ओढलं जात नाही. डिझेल संपलंच असेल तर ४०-५० लिटर ओतून हातपंप कडक होईपर्यंत मारायचा, मग एका वेळी १५-२० सेकंदच सेल्फ, आणि मधे दोन मिनिटं विश्रांती. सलग सेल्फ मारून तो जाळला की एका बिघाडाचे दोन होतात. कॉमन रेल (एकाच नळीत खूप दाबाने डिझेल साठवणाऱ्या नव्या) इंजिनची इंजेक्टरकडे जाणारी जाड पोलादी नळी हवा काढायला कोणी ढिली करत असेल तर तिथल्या तिथे थांबवा. त्या लाइनमध्ये हजार बारच्या वर दाब असतो. जुन्या पंपाच्या इंजिनची सवय असलेले हात हीच चूक करतात.

इंजिन ठीक आहे पण ताकद नाही, तर सर्वांत कामाचा प्रश्न हा: एकच काम बंद आहे, की सगळी? फक्त बकेट मंद असेल तर त्या बकेटचा जॅक (तिला हलवणारा हायड्रॉलिक सिलिंडर), त्याचा पाइप किंवा कंट्रोल व्हॉल्व्हमधला त्याचा भाग. सगळंच मंद असेल तर ऑइल कमी, सक्शनमध्ये हवा, पायलट लाइन (लिव्हरपासून व्हॉल्व्हकडे जाणारी कमी दाबाची लाइन) किंवा मेन पंप. २० टनी पोकलेनला सहसा दोन मेन पंप असतात. एका बाजूची चेन आणि तिच्या जोडीची दोन-तीन कामं एकदम ढिली पडली तर संशय एका पंपावर जातो. एवढी माहिती फोनवर मिळाली की मेकॅनिक सील किट घेऊन निघणार की प्रेशर गेज, हे ठरतं.

गरम होतंय? कूलंट किती आहे, पंख्याचा पट्टा आहे का तुटला, आणि रेडिएटर धुळीने भरलाय का. रेडिएटर आणि ऑइल कूलर एकमेकांना लागून असतात, दोन्हींच्या फटीत धूळ आणि भुसा बसून गादी तयार होते. बाहेरून जाळी स्वच्छ दिसते आणि आतून हवा जात नाही. विदर्भात एप्रिल-मे महिन्यात दुपारी "मशीन तापतंय" असा फोन आला की आधी ही फटच साफ करायला सांगावी: हवेचा झोत पंख्याच्या हवेच्या उलट दिशेने आणि सरळ मारायचा, तिरका मारला की जाळीच्या पात्या आडव्या पडतात. गरम रेडिएटरचं झाकण कोणीही उघडायचं नाही. किमान अर्धा तास थांबा, झाकणाला हात लावून बघा, मग उघडा.

डिस्प्लेवर कोड असेल तर चावी बंद करायच्या आधी फोटो. १ एप्रिल २०२१ पासून चाकांच्या बांधकाम यंत्रांना सीईव्ही (बांधकाम वाहन) स्टेज ४ हे प्रदूषणाचे नियम लागू झाले, आणि इलेक्ट्रॉनिक इंजिनं रोजच्या कामावर आली. अशा मशीनवर फक्त पाने घेऊन गेलेला चांगला मिस्त्रीसुद्धा अडतो. कोडचा फोटो हातात असेल तर लॅपटॉपवाला माणूस पाठवायचा की नाही, हे आधीच ठरवता येतं.

फुटलेला पाइप: माप असं मागा

पोकलेनच्या ब्रेकडाऊनमध्ये हा प्रकार इतका नेहमीचा आहे की तो वेगळा शिकून घ्यावा.

ऑपरेटरला फोटो मागितला की तो ऑइलने माखलेल्या काळ्या पाइपाचा लांबून एक फोटो पाठवतो. त्याचा काही उपयोग नसतो. त्याऐवजी असं सांगा: फडक्याने पाइप पुसून त्यावरची छापील ओळ शोध. त्यात आतला व्यास आणि जात असते: आर-टू म्हणजे दोन तारांची जाळी, फोर-एसपी किंवा फोर-एसएच म्हणजे चार थरांची तार. पोकलेनच्या मेन लाइनचा दाब ३५० बारच्या आसपास जातो. तिथे अर्धा इंची किंवा त्याहून मोठ्या व्यासाला दोन तारेचा पाइप घातला तर तो लवकरच परत फुटतो. आणि कोणीतरी "आत्तापुरता चालेल" म्हणतंच. चालत नाही.

मग लांबी, एका टोकाच्या बसायच्या तोंडापासून दुसऱ्या टोकाच्या तोंडापर्यंत, टेप शेजारी ठेवून. मग दोन्ही टोकांचे जवळून फोटो: सरळ आहे, ४५ अंशात वाकलंय की ९०. दोन्ही टोकं वाकडी असतील तर पाइप जमिनीवर सपाट ठेवून वरून एक फोटो, कारण दोन कोपरे एकमेकांशी कोणत्या कोनात आहेत ते चुकलं की नवा पाइप पिळून बसवावा लागतो आणि पिळलेला पाइप टिकत नाही. नटाला कितीचा पाना लागतो तेही विचारा, ३६ चा की ४१ चा. नटाऐवजी चार बोल्टचा फ्लँज असेल तर दोन बोल्टमधलं अंतर मोजून घ्या. आणि टोकातली ओ-रिंग वेगळी मागवा. पाइप आला, ओ-रिंग राहिली, म्हणून परत गेलेल्या व्हॅन कमी नाहीत.

फुटलेला पाइप काढता येत असेल तर सर्वांत बरं म्हणजे तोच मोटारसायकलवरून क्रिम्पिंगच्या (पाइपाला टोकं दाबून बसवणाऱ्या) दुकानात पाठवणं. उघड्या राहिलेल्या दोन्ही तोंडांना मात्र प्लग लावा. प्लग नसेल तर स्वच्छ प्लास्टिकची पिशवी आणि तार. चिंधी कोंबू नका, तिचे धागे आत जातात आणि व्हॉल्व्हमध्ये अडकतात.

जागेवर करायचं, की उचलून न्यायचं?

पाइप, सेल्फ, अल्टरनेटर, फिल्टर, पट्टा, बकेटची पिन-बुश, उतरलेली चेन ही कामं जागेवर होतात. जॅकचं सील किटही होतं, पण खाली ताडपत्री, वर आडोसा आणि वारा पडलेला हवा. मेन पंप किंवा कंट्रोल व्हॉल्व्ह उघडणं, फायनल ड्राइव्ह (चेन फिरवणारा गिअरचा डबा) खोलणं, इंजिनचं हेड काढणं हे धुळीत करू नये. पंपाच्या आत धुळीचा कण गेला तर दुरुस्त केलेला पंपच पुढच्या बिघाडाची सुरुवात ठरतो. अशा वेळी पंप पूर्ण काढून, तोंडं बंद करून वर्कशॉपला पाठवा आणि मशीन जागेवर राहू द्या. लो-बेड ट्रेलर फक्त मशीन हलवावंच लागेल तेव्हा, कारण त्याचं भाडं आणि वाट बघणं दोन्ही महाग पडतं.

मशीन वॉरंटीत असेल तर आधी कंपनीच्या सर्व्हिसला तक्रार नोंदवा आणि तक्रार क्रमांक घ्या. बाहेरच्या माणसाने सील तोडलं की पुढचा वाद हरलेलाच असतो.

माणूस आणि व्हॅन

हायड्रॉलिकचा मिस्त्री, इलेक्ट्रिशियन आणि वेल्डर ही तीन वेगळी माणसं आहेत. सगळं येतं म्हणणारे बरेच भेटतात, पण बूमला (मशीनच्या मोठ्या हाताला) तडा गेला असेल तर वेल्डरच पाठवा, आणि त्याला दोन गोष्टी आठवण करून द्या: बॅटरीची निगेटिव्ह केबल काढ आणि कंट्रोलरचा कनेक्टर सोड, अर्थिंग वेल्डच्या जवळ लाव. अर्थिंग लांब लावलं तर करंट बेअरिंगमधून किंवा जॅकमधून जातो आणि तिथे डाग पडतात.

एकटा माणूस कधीही पाठवू नका. निदान एक हेल्पर सोबत हवा. पिन निसटली, पाय अडकला, तर फोन करायला कोणीतरी लागतं.

व्हॅनमध्ये पाने-सॉकेट तर असतातच. राहून जातात त्या वस्तू या: ६०० बारचा प्रेशर गेज आणि त्याचे अडॅप्टर, मल्टिमीटर, ओ-रिंगचा डबा, प्लग आणि कॅप, ग्रीस गन, पितळी ड्रिफ्ट (पिन ठोकायचा दांडा), लाकडी ठोकळे, ताडपत्री, हेडलॅम्प, अग्निशामक, प्रथमोपचार पेटी आणि पिण्याचं पाणी. ऑइल किती न्यायचं? पाइप फुटून टाकी निम्मी रिकामी झाली असेल तर ६०-७० लिटर हायड्रॉलिक ऑइल लागतं, कारण २० टनी मशीनची टाकीच सव्वाशे-दीडशे लिटरची असते. २० लिटरचा एक डबा घेऊन गेलेली व्हॅन तिथे काही करू शकत नाही. कोणत्या ग्रेडचं, ४६ की ६८, ते कार्डावर बघा आणि तेच न्या.

पोचायचा रस्ता

लोकेशन मशीनजवळ उभं राहून पाठवायला सांगा. साइट ऑफिसमधून पाठवलेली पिन आणि खरं मशीन यांत लांबट कामावर १५ किलोमीटरचं अंतर निघतं. रस्त्याच्या कामावर चेनेज (रस्त्याच्या सुरुवातीपासूनचं अंतर, किलोमीटर+मीटर) विचारा, डावी बाजू की उजवी तेही. "११२+४००, उजवीकडे, बॉक्स कल्व्हर्टच्या पुढे" असा पत्ता मिळाला की चुकायला जागा राहत नाही. ठरावीक जागीच चढता-उतरता येणाऱ्या महामार्गावर चुकीच्या बाजूला चढलेली व्हॅन वळायला पुढचा इंटरचेंज शोधत बसते.

पावसाळ्यात काळ्या मातीचा प्रदेश असेल तर शेवटचा किलोमीटर कशाने जायचं ते आधी ठरवा. मुरमाचा रस्ता जिथे संपतो तिथे व्हॅन थांबवा आणि सामान ट्रॅक्टरने न्या. व्हॅन रुतली की तिला काढायला दुसरं मशीन काम सोडून येतं. खाणीत जायचं असेल तर ब्लास्टिंगची वेळ विचारा, त्या काळात आत सोडत नाहीत. घाटात आणि कोकणच्या आतल्या वाड्यांवर रेंज जाते, तेव्हा "चार वाजेपर्यंत फोन आला नाही तर मी माणूस पाठवतो" असं आधीच ठरवून ठेवा.

व्हॅन पोचेपर्यंत साइटने काय करायचं

मशीन हलत असेल तर उतारावरून सपाट, कडक जागी. वर विजेची तार नको. बकेट जमिनीला टेकलेली. बिघाडाच्या आसपासची माती धुऊन किंवा खरवडून टाकलेली. संध्याकाळ होणार असेल तर दिव्याची सोय. एवढं झालं की मेकॅनिकचा पहिला तास वाचतो. साइटवरच्या हौशी माणसांना मात्र काही खोलू देऊ नका.

हात लावण्याआधी

हा भाग घाईत वगळायचा नाही, मालक फोनवर कितीही ओरडत असला तरी.

१. चावी काढून मेकॅनिकच्या खिशात. केबिनच्या दारावर "काम चालू आहे, सुरू करू नका" असा फलक.

२. दाब सोडणे: बकेट टेकवून इंजिन बंद, मग चावी ऑन करून सगळे लिव्हर चारही दिशांना सात-आठ वेळा हलवायचे, शेवटी टाकीच्या ब्रीदरमधली (हवा ये-जा होते त्या झाकणातली) हवा सोडायची. इंजिन बंद झालं म्हणजे लाइनमधला दाब गेला, असं नसतं.

३. वर उचललेल्या बूमखाली किंवा बकेटखाली कोणी जायचं नाही. जावंच लागलं तर आधी ठोकळे आणि स्टँड. जॅकवर भरवसा ठेवायचा नाही.

४. बारीक गळती हाताने शोधायची नाही. पुठ्ठ्याचा तुकडा लांबून फिरवा, तो ओला होईल तिथे गळती. सुईएवढ्या छिद्रातून उडणारं ऑइल कातडीत शिरतं. जखम टाचणी टोचल्याएवढी दिसते, सुरुवातीला फारशी दुखतही नाही, आणि आत मात्र बोट सडायला लागतं. असं झालं तर लगेच मोठ्या रुग्णालयात, आणि डॉक्टरांना स्पष्ट सांगायचं की दाबाचं ऑइल आत गेलं आहे. मलम लावून उद्यावर ढकललं तर बोट किंवा हात जाऊ शकतो.

५. चेन ढिली करताना ग्रीसचा व्हॉल्व्ह हळूहळू, एका आट्यापेक्षा जास्त नाही, आणि तोंड त्याच्या समोर नाही. आत साठलेलं ग्रीस गोळीसारखं बाहेर येतं. चेन चढवण्यासाठी मशीन आपल्याच बकेटवर एक बाजू उचलतं, त्याखाली ठोकळे घातल्याशिवाय हात घालू नये.

६. पिन ठोकताना चष्मा आणि पितळी ड्रिफ्ट. कडक पोलादावर कडक हातोडा मारला की टवका उडतो आणि तो डोळ्यात जातो.

काम चालू असताना दर दहा मिनिटांनी फोन करू नका. पोचल्यावर एक, बिघाड कळल्यावर एक, मशीन सुरू झाल्यावर एक, असे तीन फोन आधी ठरवा. दुसरा फोन सर्वांत महत्त्वाचा. बिघाड अंदाजापेक्षा मोठा निघाला तर त्याच क्षणी पर्यायी मशीन भाड्याने बघायचं की नाही ते ठरवा. संध्याकाळी सहा वाजता ठरवलं तर दुसरा दिवसही जातो.

ट्रायल आणि नोंद

मशीन सुरू झालं की टाळ्या वाजवून व्हॅन सोडू नका. इंजिन मंद ठेवून दुरुस्त केलेला जॅक चार-पाच वेळा सावकाश आत-बाहेर करायचा, म्हणजे हवा निघते. लगेच पूर्ण टोकापर्यंत आणि जोरात मारला तर अडकलेल्या हवेने नवं सील जळतं. मग ऑइलची पातळी बघा, तीही कंपनीने सांगितलेल्या स्थितीत मशीन उभं करून, नाहीतर जॅकमधलं ऑइल मोजणीत येत नाही आणि टाकी जास्त भरली जाते. त्यानंतर अर्धा तास खरं काम, ऑइल गरम झाल्यावर सगळे सांधे पुन्हा तपासून मगच सही.

नोंदीत तारीख, आवर मीटर, काय बिघडलं, का बिघडलं, कोणता पार्ट, कोणी बदलला. "का" हा रकाना बहुतेक जण रिकामा सोडतात. पाइप घासून फुटला असेल आणि घासणारी क्लिप तशीच राहिली असेल तर नवा पाइपही तिथेच फुटणार आहे. जुना पार्ट आणि पाइप ऑफिसला मागवून घ्या, पुढचं माप त्यावरूनच निघतं. सांडलेलं आणि काढलेलं ऑइल डब्यात भरून परत आणा. वापरलेलं ऑइल २०१६ च्या नियमांनुसार घातक कचऱ्यात मोडतं, ते अधिकृत रिसायकलरलाच द्यायचं, नाल्यात किंवा मातीत ओतायचं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी, सेल्फ मारायच्या आधी, ऑपरेटरला फोन करा. मशीनखाली रात्रीतून थेंब पडलेत का आणि टाकीच्या काचेत ऑइल कुठपर्यंत दिसतंय, एवढं विचारा. थेंब असेल तर व्हॅन अजून जवळच्या गावात आहे तोवर कळतं.